चासीवर कोरलेला ऑस्ट्रेलिया

ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या शेताच्या कडेला गंजत पडलेला जुना अवजड ट्रक दिसला की माणूस आधी त्याच्यावरचा कंपनीचा बिल्ला बघतो. बिल्ला बहुतेक वेळा खोटा नसतो, पण अपुरा नक्की असतो. त्या काळात गिऱ्हाईक ट्रक जवळजवळ शिवून घ्यायचं. इंजिन कमिन्सचं, डेट्रॉइटचं की कॅटरपिलरचं, गिअरबॉक्स कुणाचा, मागचे अ‍ॅक्सल कुठले, हे मागणीप्रमाणे ठरे. पुढे तीस-चाळीस वर्षांत इंजिन बदलतं, केबिन बदलते, रंग तर कितीदा चढतो. मग हा ट्रक नेमका कुठला, याचं उत्तर तो कशासाठी बांधला गेला या प्रश्नात शोधावं लागतं. तिथे या देशाचा इतिहास आडवा येतो.

सुरुवात उंटांपासून करायला हवी. 1866 मध्ये कराचीहून उंटांचा मोठा तांडा उंटवाल्यांसह दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. पुढची अनेक वर्षं वाळवंटातला माल याच तांड्यांनी ओढला. 1929 मध्ये दक्षिणेकडून येणारी रेल्वे अ‍ॅलिस स्प्रिंग्जला पोचली आणि तिथेच थांबली. त्याच्या पुढे उत्तरेला शेकडो मैल धड रस्ता नाही, वाटेत कोरड्या नद्यांची वाळू. या पट्ट्यासाठी इंग्लंडच्या एईसी कंपनीने बांधलेला एक ट्रक 1934 मध्ये आला. आठ चाकं, आठांनाही इंजिनाची ताकद, मागे दोन ट्रेलर, एकूण माल सुमारे 15 टन. ट्रेलरची चाकं पुढच्या गाडीच्या चाकोरीतूनच वळत, त्यामुळे लांबलचक गाडी झाडाझुडपांतूनही निघायची. असे तीनच ट्रक बांधले गेले: एक ऑस्ट्रेलियाला, एक सोव्हिएत रशियाला, एक आजच्या घानाला. ऑस्ट्रेलियाचा वाचला, डागडुजी होऊन अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या संग्रहालयात उभा राहिला. माझ्या मते ऑस्ट्रेलियन ट्रकांची वंशावळ इथूनच मांडावी.

महायुद्धानंतर अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्याच कर्ट योहानसेन यांनी रणगाडे ओढणारा ‘डायमंड टी’ बनावटीचा लष्करी ट्रक घेतला, त्याला स्वतः बनवलेले ट्रेलर जोडले आणि जनावरं वाहायला लागले. त्या ट्रकचं नाव बर्था. गुराख्यांनी आठवडेच्या आठवडे चालवत नेलेली जनावरं वाटेत वाळून जात. ट्रकने ती धष्टपुष्ट पोचू लागली. मग खास याच कामासाठी लंडनजवळच्या रोटिनॉफ या छोट्या कारखान्यातून ‘व्हायकाउंट’ आले. रोल्स-रॉइसचं डिझेल इंजिन असलेले हे ट्रक 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात वेस्टी या ब्रिटिश मांस-व्यापारी कुटुंबाच्या गुरांच्या मुलखात धावले. मोजकेच बनले, म्हणून आज त्याचा नुसता सांगाडा सापडला तरी हौशी मंडळी शेकडो मैल गाडी हाकत येतील.

दक्षिणेच्या डांबरी रस्त्यांवर मात्र वेगळंच चाललं होतं. राज्य सरकारांना आपापली रेल्वे जपायची होती, म्हणून ट्रकवाल्यांवर परवाने आणि शुल्क लादलेलं. 1954 मध्ये ‘ह्यूज अँड वेल’ खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, निकाल दिला की राज्याराज्यांमधला व्यापार घटनेनुसार मुक्त आहे, त्यावर अशी आडकाठी चालणार नाही. सिडनी ते मेलबर्न, मेलबर्न ते अ‍ॅडलेड अशी मालवाहतूक फोफावली आणि लांब पल्ल्याच्या ट्रकांना खरी मागणी आली. वजन-अंतरावरचा रस्ताकर त्यानंतरही राहिलाच. 1979 मध्ये सिडनीजवळच्या रेझरबॅक घाटात ट्रकवाल्यांनी रस्ता अडवला तो त्याच कराविरुद्ध.

मागणी आली तसे कारखानेही आले. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने मेलबर्नजवळ डॅन्डेनाँगला ट्रक बांधले. त्यांचा एएसीओ आणि 1970च्या दशकातला एसीसीओ ही नावं म्हणजे ‘ऑस्ट्रेलियन’ शब्दाने सुरू होणारी आद्याक्षरं आहेत. या घराण्याचं मूळ ऑस्ट्रेलियन सैन्यासाठी आखलेल्या गाडीत आहे, त्यामुळे जुना लष्करी ट्रक आणि मुलकी एएसीओ यांची सहज गल्लत होते. जुन्या चौकोनी केबिनला लोक ‘लोण्याचं खोकं’ म्हणत.

केनवर्थ या अमेरिकन कंपनीचा मेलबर्नच्या बेझवॉटर उपनगरातला पहिला ट्रक 1971चा. तिथूनच 1975 मध्ये ‘एसएआर’ निघाला. ही इंग्रजी आद्याक्षरं आहेत: आखूड बॉनेट, ऑस्ट्रेलियन, उजव्या हाताचं स्टेअरिंग. हे नाव नीट वाचलं तर कायदाच वाचल्यासारखं आहे. गाडीच्या एकूण लांबीला मर्यादा होती. नाक जितकं लांब, तितका माल कमी. म्हणून बहुतेकांनी सपाट तोंडाची केबिन घेतली आणि ज्यांना बॉनेट हवंच होतं त्यांच्यासाठी ते आखूड केलं. एसएआर ओळखताना मी तरी आधी बॉनेटची लांबी आणि समोरच्या अ‍ॅक्सलची जागा बघेन, बिल्ला मागाहून.

सगळ्यात कोडी घालतात ते घरचे ब्रँड. सिडनीच्या व्हाइटहेड यांनी 1969 मध्ये सुरू केलेला आरएफडब्ल्यू आणि क्वीन्सलंडमधल्या टूवुंबात वेस्टर्न ट्रान्सपोर्ट या वाहतूक कंपनीच्या सिरिल अँडरसन यांनी 1972 मध्ये उभा केलेला लीडर. दोघांनी इंजिनं बाहेरून घेतली, चासी, म्हणजे ट्रकचे लोखंडी सांगाडे, स्वतः बांधल्या. आरएफडब्ल्यू तर एकेका कामासाठी एकेक गाडी घडवायचे, अग्निशामक दलासाठीसुद्धा, त्यामुळे दोन गाड्या हुबेहूब असतीलच असं नाही. छायाचित्र बघून मॉडेल सांगणाऱ्याने इथे हात आखडता घ्यावा. केबिनमधली पत्र्याची पाटी शाबूत असेल तर तिचा क्रमांक उतरवून घ्यावा. नसेल तर तारेचा ब्रश घेऊन चासीच्या पट्टीवरचा गंज आणि ग्रीस घासावं, ठोकलेले आकडे तिथे सापडू शकतात. आणि घासताना जुन्या ब्रॅकेटची रिकामी भोकं दिसली तर तीही मोजून ठेवावीत. आज तिथे नसलेलं इंजिन किंवा केबिन कुठे बसत होतं ते तीच सांगतात.