मूत्रखत

मूत्रखत : मानवी मूत्र साठवून वा त्यातील अन्नद्रव्ये वेगळी काढून तयार केलेले द्रव किंवा घन खत. मैल्यापासून होणारे सोनखत याहून वेगळे. शहरी सांडपाण्यात मूत्राचा वाटा आकारमानाने जेमतेम एक टक्का. पण सांडपाण्यातील सु. 80 टक्के नायट्रोजन आणि निम्म्याच्या आसपास फॉस्फरस त्यातूनच येतो. भारतीय आहारावरून काढलेल्या अंदाजाप्रमाणे एका व्यक्तीच्या वर्षभराच्या मूत्रात सु. 2.3 किग्रॅ. नायट्रोजन व 0.3 किग्रॅ. फॉस्फरस असतो. म्हणजे नऊ माणसांमागे 45 किलोची युरियाची एक गोणी. नाशिक महानगरपालिका क्षेत्राच्या 2011 च्या लोकसंख्येला (सु. 14.86 लाख) हाच हिशेब लावला, तर वर्षाला सु. 3,400 टन नायट्रोजन होतो. गोदावरीतील पाणवेली पोसण्यात सांडपाण्यातून येणाऱ्या अशाच अन्नद्रव्यांचा हात असतो.

या प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. येमेनमधील साना येथील जुन्या उंच घरांत मूत्र मैल्यापासून वेगळे वाहून जाई, म्हणून काही जण तिकडे बोट दाखवतात. परंतु तेथे ते बहुतांशी भिंतीवरच वाळून जाई, शेतापर्यंत पोचत नसे. व्हिएतनाममध्ये 1956 पासून प्रसार झालेल्या दुहेरी टाकीच्या शौचालयात मूत्र खतासाठी वेगळे जमवले जाई. स्वीडनमधील मूत्र वेगळे करणारी आधुनिक शौचालयाची भांडी 1990 नंतर रूढ झाली. तथापि तोकुगावा काळातील (1603–1868) जपानमध्ये ओसाका शहरात मैल्यावर घरमालकाचा व मूत्रावर भाडेकरूचा हक्क मानला जाई आणि दोन्हींचे व्यवहार वेगळे होत. मूत्राला खत म्हणून स्वतंत्र किंमत आल्याचा हा पुरावा अधिक भक्कम वाटतो. आपल्याकडे सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या झाडांविषयीच्या ग्रंथातील (बहुधा दहावे-अकरावे शतक) कुणपजल या द्रवखताशी ही परंपरा जोडली जाते. कुणपजल मुख्यतः प्राण्यांचे मांस, चरबी, हाडे शिजवून व आंबवून केलेले आहे. त्यामुळे हा संबंध ओढूनताणून लावलेला दिसतो.

ताज्या मूत्रातील नायट्रोजन बहुतांशी युरियाच्या रूपात असतो. जिवाणूंच्या युरिएज विकरामुळे (एन्झाइममुळे) युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो व सामू (pH) 9 च्या आसपास चढतो. हा अमोनियाच रोगजंतू मारतो. पण टाकी उघडी राहिली तर तोच उडून जातो आणि खताचा कस गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 20° से. किंवा अधिक तापमानात सहा महिने साठवलेले मूत्र सर्व पिकांना चालते. निफाड परिसरात थंडीत पारा 10 अंशांखाली उतरतो, हे ध्यानात घेऊन साठवणीचा काळ मोजावा लागतो.

दुसरा मार्ग स्ट्रुव्हाइटचा. साठवलेल्या मूत्रात मॅग्नेशियमचे क्षार मिसळले की मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटाचे पांढरे स्फटिक तळाशी बसतात. जवळजवळ सर्व फॉस्फरस हाती येतो, नायट्रोजन मात्र थोडाच. उरलेल्या द्रवाची सोय वेगळी लावावी लागते. (मूत्रातून फॉस्फरस प्रथम काढला गेला तो सु. 1669 मध्ये हँबुर्गला. स्ट्रुव्हाइट खनिजाचे वर्णन 1845 मध्ये झाले, तेही तिथलेच.) तिसऱ्या पद्धतीत मूत्राचे नत्रीकरण (जिवाणूंकरवी अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर) करून ते ऊर्ध्वपातनाने आटवतात. स्वित्झर्लंडच्या एआवाग संस्थेच्या संशोधनातून असे ‘ऑरिन’ खत तयार झाले असून 2018 मध्ये खाद्यपिकांसाठीही त्याला तेथे मान्यता मिळाली.

नाशिकच्या दृष्टीने कळीचा मुद्दा मिठाचा आहे. मूत्रात सोडियम व क्लोराइड भरपूर, आणि द्राक्षवेल क्लोराइडला नाजूक; क्षारांना तोंड देता यावे म्हणूनच येथील बऱ्याच बागा डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम केलेल्या असतात. चोपणाकडे (सोडियम साचून घट्ट होण्याकडे) झुकलेल्या जमिनीत कच्चे मूत्र वर्षानुवर्षे देणे धोक्याचे. शिवाय खरड (एप्रिलमधील) छाटणीनंतर सूक्ष्म घडनिर्मितीच्या काळात नत्र (नायट्रोजन) जादा झाले, तर वेल फोफावते आणि घड कमी येतात. ठिबकच्या तोट्यांत स्फटिक साचतात ते निराळेच. स्ट्रुव्हाइटमध्ये मीठ जवळपास उतरत नाही, ते हळूहळू विरघळते आणि त्यासाठी लागणारे मॅग्नेशियम सल्फेट बागायतदारांच्या परिचयाचे आहे. म्हणून द्राक्षबागांपुरता तोच मार्ग ग्राह्य ठरावा. निर्यातीच्या द्राक्षांसाठी ग्लोबल गॅप हे सुरक्षित शेतीपद्धतीचे प्रमाणपत्र लागते व त्यात मानवी मैलागाळाला मनाई आहे, त्यामुळे बागायतदार सावध असतात. मका व चारापिकांना ही अडचण कमी. कांदाही खारेपणाला नाजूकच.

महाराष्ट्रात अप्पासाहेब पटवर्धनांचे कणकवलीतील गोपुरी संडास व देहूच्या डॉ. मापुसकरांचे बायोगॅसला जोडलेले संडास यांनी मैल्याच्या खताला वाट करून दिली. सोनखताचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या डोक्यावर लादले गेले होते. म्हणून मूत्राची हाताळणी बंद नळ्या व टाक्यांतूनच झाली पाहिजे, ही अट तांत्रिक सोयीपेक्षा मोठी आहे. नाशिकजवळ गोवर्धन येथील निर्मल ग्राम निर्माण केंद्र ग्रामीण स्वच्छतेचे प्रशिक्षण देते. विल्होळीजवळ महानगरपालिकेने जर्मन सहकार्याने 2017 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात सार्वजनिक शौचालयांतील मैला आणि हॉटेलांतील ओला कचरा एकत्र कुजवून बायोगॅस व वीज निर्माण करण्याची योजना होती. त्यात मूत्र मैल्यासोबतच येते, वेगळे केले जात नाही.