सिबिलमधली शिळी नोंद आणि जुनी खरी नोंद

कर्जाचा अर्ज परत येतो तेव्हा बँकेत बहुतेकदा एवढंच सांगतात: ‘सिबिलमध्ये जुनं काहीतरी दिसतंय.’ रोजच्या बोलण्यात सिबिल म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट. हे ‘जुनं काहीतरी’ दोन प्रकारचं असू शकतं आणि दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

पहिली शिळी नोंद. ती लिहिली तेव्हा बरोबर होती. नंतर परिस्थिती बदलली, पण बदल रिपोर्टपर्यंत पोचलाच नाही. कर्ज फिटलं, कागदावर मात्र चालूच आहे. दुसरी जुनी खरी नोंद. 2023 मध्ये चार हप्ते खरोखरच थकले होते आणि तसंच लिहिलेलं आहे. शिळी नोंद दुरुस्त करून घेणं हा तुमचा हक्क आहे. खरी नोंद मात्र कुणालाही पुसता येत नाही. आपल्याकडे दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत या दोन्हींना सरसकट ‘सिबिल खराब’ म्हणतात. मग ज्याने पै न पै फेडली तो निमूटपणे मागे फिरतो, आणि ज्याची थकबाकी खरी आहे तो एखाद्या एजंटाला पैसे मोजून बसतो. दोघांचंही नुकसान टाळता येण्यासारखं आहे, म्हणून हे जरा विस्ताराने लिहितो आहे.

आपण ‘सिबिल’ म्हणतो ते खरं तर एका कंपनीचं नाव. भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. बँका आणि वित्त कंपन्या आपल्या खात्यांची माहिती या चौघींना पाठवतात. कंपन्या ती मांडतात आणि 300 ते 900 मधला स्कोअर काढतात. 1 जानेवारी 2025 पासून ही माहिती दर पंधरवड्याला किंवा त्याहून लवकर पाठवावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने केला. त्या नियमात पंधरवडा संपल्यावर बँकेला 7 दिवस आणि माहिती हाती आल्यावर कंपनीला 5 दिवस दिले होते. त्यामुळे शेवटचा हप्ता भरून दोन आठवडे झाले तरी कर्ज चालू दिसत असेल, तर घाबरायचं कारण नाही. महिना उलटून गेला, तीन महिने गेले, तरी तेच, तर मात्र नोंद शिळी आहे.

शिळी नोंद नवीन अर्जाला कुठे अडवते ते आकड्यांतच बघू. समजा, तारकर्लीला होमस्टे चालवणाऱ्या एका बाईंचं महिन्याचं सरासरी उत्पन्न 40,000 रुपये आहे. गाडीचं कर्ज त्यांनी गेल्या वर्षी पुरतं फेडलं. हप्ता होता 9,000. आता त्यांना दोन खोल्या वाढवायच्या आहेत. बँक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत हप्ते धरते असं मानलं, तर 20,000 चा हप्ता त्यांना झेपायला हवा. पण रिपोर्टमध्ये गाडीचं कर्ज अजून चालू आहे. बँक 20,000 मधून 9,000 वजा करते आणि उरलेल्या 11,000 वर कर्ज ठरवते. इथे स्कोअर उत्तमही असू शकतो, कारण कर्ज ‘नियमित’ दिसतंय. तरी मंजुरी जवळजवळ निम्म्यावर येते आणि बाईंना कारण कळत नाही. शिळ्या नोंदीने स्कोअर पडलाच पाहिजे असं नाही, हे म्हणूनच लक्षात ठेवायला हवं. हाच शेवटचा हप्ता भरूनही ‘थकीत’ दिसत राहिला, तर गोष्ट आणखी बिघडते. मग रकमेचा हिशोब होण्याआधीच अर्ज बाजूला पडतो.

आंबा बागायतदारांच्या बाबतीत यात सातबारा येतो. कर्ज फिटल्यावर बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जायचं आणि बोजा कमी करून घ्यायचा, ही गोष्ट देवगड-राजापूरकडे घरोघरी माहीत असते. बोजा उतरला की माणूस निश्चिंत होतो. पण सातबारा महसूल खात्याचा आणि क्रेडिट रिपोर्ट या कंपन्यांचा; एकातला बदल दुसऱ्यात आपोआप जात नाही. सातबारा कोरा आणि रिपोर्टमध्ये कर्ज उभं, असं होऊ शकतं. उलटही होतं. नो ड्यूजचा, म्हणजे काही बाकी नसल्याचा, दाखला हातात आला की दोन्हीकडे बघायचं.

जामीनकीचंही तसंच. भावकीतल्या, वाडीतल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, म्हणून आपण जामीन राहतो. ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये जामीनदार म्हणून दिसतं. मूळ कर्जदाराने ते फेडलं असेल आणि तरी तुमच्याकडे दिसत असेल, तर ती शिळी नोंद. त्याने थकवलं असेल, तर नोंद खरी आहे, तुम्ही एक रुपयाही वापरला नसलात तरी. हे कटू आहे, पण जामीनकीचा अर्थच तो आहे.

आता जुन्या खऱ्या नोंदीकडे. चालू कर्जाच्या मागच्या 36 महिन्यांचा इतिहास रिपोर्टमध्ये महिन्यागणिक असतो. ‘000’ म्हणजे त्या महिन्यात थकबाकी नाही, ‘060’ म्हणजे 60 दिवस उशीर, आणि ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे बँकेने त्या महिन्याची माहितीच दिलेली नाही. काही बँका दिवसांऐवजी वर्ग लिहितात. ‘एसटीडी’ म्हणजे उशीर असला तरी 90 दिवसांच्या आतला, ‘एसयूबी’ म्हणजे खातं एनपीए झालेलं, 90 दिवसांहून जास्त थकलेलं. कर्ज पुढे पुरतं फेडलं, तरी त्या महिन्यांचा उशीर तसाच राहतो. कंपन्यांना ही माहिती किमान सात वर्षं ठेवावी लागते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं आणि 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, दुकानांतला माल चिखलात गेला. हप्ते थकणार नाहीत तर काय होईल? अशा वेळी बँकेने नैसर्गिक आपत्तीमुळे कर्जाची फेररचना केली असेल, म्हणजे हप्ते आणि मुदत नव्याने ठरवून दिली असेल, तर तशी नोंद रिपोर्टमध्ये येऊ शकते आणि पुढच्या बँकेला कारण समजतं. फेररचना न होता नुसते हप्ते थकले असतील, तर मागे फक्त दिवसांचे आकडे उरतात. माणसाची चूक नव्हती म्हणून नोंद चूक ठरत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. पण ती ‘चुकीची माहिती’ आहे म्हणून तक्रार केली, तर बँक ‘माहिती बरोबर आहे’ असं कळवेल आणि प्रकरण तिथेच संपेल.

सर्वात जास्त घोळ होतो तो ‘सेटल्ड’ या शेऱ्यावर. समजा, थकलेले 1,80,000 रुपये होते. बँकेने तडजोड करून 1,20,000 घेतले आणि खातं मिटवलं. हातात पत्र मिळालं, फोन थांबले. कर्जदाराच्या मनात कर्ज संपलं. रिपोर्टमध्ये मात्र ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ येतं, म्हणजे बँकेने 60,000 सोडून दिले. पुढची बँक हे वाचून सावध होते. ही नोंद शिळी नाही, खरी आहे. ती बदलायची तर सोडलेली रक्कम भरण्याची तयारी दाखवून त्याच बँकेशी बोलायचं, आणि पैसे भरण्याआधी ‘ही रक्कम मिळाल्यावर खातं क्लोज्ड म्हणून कळवू’ असं लेखी घ्यायचं. तोंडी शब्दावर पैसे भरू नका. याउलट, तुम्ही सगळी रक्कम भरली आहे, सूट घेतलेली नाही, आणि तरी ‘सेटल्ड’ किंवा ‘रिटन ऑफ’ दिसतंय, तर ती दुरुस्त व्हायलाच हवी.

‘रिटन ऑफ’ म्हणजे कर्जमाफीही नव्हे. बँकेने आपल्या हिशोबासाठी रक्कम बाजूला काढलेली असते. वसुलीचा हक्क तसाच असतो.

ओळखायचं कसं? रिपोर्ट काढा, प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. प्रत्येक खात्यापुढे माहिती शेवटची कधी कळवली ती तारीख असते. आधी ती बघा. खातं चालू, बाकी दाखवलेली, आणि तारीख दीड वर्षापूर्वीची असेल, तर शंका घ्या. बंद खात्यापुढे जुनी तारीख असणं मात्र साहजिक आहे, कारण बंद झाल्यावर बँक कळवणं थांबवते. मग कर्जाचा उतारा, नो ड्यूजचा दाखला आणि रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा. बँक विलीन झालेली असेल तर खातं नव्या बँकेच्या नावाने शोधा; आपल्याकडची विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली आहे. पतसंस्थेचं कर्ज बहुधा सापडणारच नाही, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत आणि सहसा या कंपन्यांना माहिती पाठवत नाहीत. तिथला चोख व्यवहार सांगायचा तर उतारा वेगळा जोडावा लागतो. पत्ता आणि मोबाईल नंबरही तपासा. कुणी तुमचा रिपोर्ट बघितला की सूचना यायला हवी, ती मुंबईला असतानाच्या बंद नंबरवर जात असेल तर काय उपयोग?

शिळी नोंद सापडली की कर्ज देणाऱ्या बँकेला पुराव्यांसह अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवा. त्याला पैसे पडत नाहीत. कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, बँकेला विचारते. म्हणून दोन्हीकडे लिहायचं. चूक दोन रिपोर्टांत असेल तर दोन्ही कंपन्यांकडे तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. दुरुस्त माहिती कंपनीला पाठवायला बँकेला 21 दिवस असतात. उशीर ज्याचा, भरपाई त्याने द्यायची. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीसाठी 14448 हा नंबर आहे. दुरुस्ती होईपर्यंत चार बँकांत अर्ज टाकत सुटू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये उमटते आणि पुढच्या बँकेला तुम्ही अडचणीत आहात असं वाटतं.

‘सिबिल क्लीन करून देतो’ म्हणणारा एजंट तक्रारीचा हाच फॉर्म भरतो. नोंद शिळी असेल तर तुमचं फुकटचं काम तो पैसे घेऊन करतो. खरी असेल तर त्याच्याही हातात काही नसतं. त्याला ओटीपी देऊ नका.

खरी नोंद असेल तर अर्जासोबत एक पानाचं पत्र द्या: हप्ते कोणत्या महिन्यांत थकले, का थकले, नियमित केव्हापासून झाले. पंचनाम्याची प्रत असेल तर जोडा. मंजुरीची हमी त्याने मिळत नाही, पण मॅनेजरला वर पाठवायच्या टिपणात लिहायला काहीतरी मिळतं. त्यानंतरच्या वर्ष-दोन वर्षांची सलग ‘000’ ची रांग सर्वात जास्त बोलते. रक्कम थोडी कमी मागितली तर होकाराची शक्यता वाढते.

वेळेचं गणित धंद्याप्रमाणे मांडा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि इंजिन, जाळी, रंगकाम यांसाठी कर्ज त्याच काळात लागतं. तक्रारीचे 30 दिवस आणि मंजुरीचे आठवडे धरले, तर नौकामालकाने रिपोर्ट एप्रिलमध्ये काढायला हवा. आंबा बागायतदाराला मोहोराच्या फवारणीआधी पैसे हवे असतात. त्याने गणपतीच्या आधीच बघून घ्यावं.