आकड्यांच्या मांडणीची चाचणी आणि मराठी लोकेल

बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही संख्या संगणकाच्या स्मृतीत कुठल्याही देशात सारखीच साठवली जाते, पण पडद्यावर ती देशागणिक वेगळी दिसते. अमेरिकेत ती 1,234,567 अशी, जर्मनीत 1.234.567 अशी, फ्रान्समध्ये गटांमध्ये मोकळी जागा सोडून, तर मराठीत १२,३४,५६७ अशी लिहिली जाते. दशांशचिन्हाच्या बाबतीतही एकवाक्यता नाही. वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेने २००३ साली बिंदू आणि स्वल्पविराम या दोहोंनाही दशांशचिन्ह म्हणून मान्यता दिली. त्यामुळे वापरणाऱ्याची रीत ओळखून तिच्याप्रमाणे आकडा मांडणे, एवढेच सॉफ्टवेअरच्या हाती उरते. भाषा आणि प्रदेश मिळून ठरणाऱ्या अशा रीतींच्या संचाला ‘लोकेल’ म्हणतात.

या रीती प्रत्येक प्रोग्रामरला नव्याने लिहाव्या लागत नाहीत. जगभरच्या लिप्यांसाठी संगणकी मानके ठरवणारी युनिकोड कन्सोर्शियम ही संस्था ‘सीएलडीआर’ या नावाने त्यांचा एक मोठा संग्रह सांभाळते आणि अँड्रॉइड, बहुतेक ब्राउझर व २०१७ साली आलेल्या नवव्या आवृत्तीपासून जावा ही प्रोग्रामिंग भाषाही मुख्यतः त्यावरच विसंबून असतात. या संग्रहात मराठी आणि हिंदी यांच्यात एक लक्षणीय फरक आहे. हिंदी लोकेल मागितल्यास लाख-कोटींचे गट मिळतात, पण अंक 0 ते 9 असेच राहतात. मराठी लोकेल मागितल्यास गटांबरोबर अंकही देवनागरी होतात. सॉफ्टवेअरच्या चाचणीच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे, कारण गट तीन-तीन अंकांचेच असतात आणि अंक दहा ठरावीक चिन्हांतच लिहिले जातात, ही दोन्ही गृहीतके मराठी एकाच वेळी मोडून काढते. अनेक चमू जर्मन लोकेलवर चाचणी घेऊन समाधान मानतात. त्यातून बिंदू-स्वल्पविरामांचा घोळ सापडतो, पण अंकांचा सापडत नाही.

हा अंकांचा घोळ कसा होतो, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. अँड्रॉइडवरील एखादे ॲप सर्व्हरला पाठवायचा मजकूर तयार करताना जावाची नेहमीची फॉरमॅट पद्धत वापरते आणि लोकेल स्पष्टपणे सांगत नाही. मग ती पद्धत फोनचे चालू लोकेल गृहीत धरते आणि मराठीत ठेवलेल्या फोनवरून 250 ऐवजी २५० निघते. पुढे काय घडेल, हे सर्व्हर कोणत्या भाषेत लिहिला आहे यावर ठरते. पायथनचे पूर्णांक-रूपांतर देवनागरी अंक बिनतक्रार स्वीकारते, तर जावास्क्रिप्टमध्ये त्याच मजकुराचे संख्येत रूपांतर करू पाहिल्यास ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर मिळते. जर्मन फोनवर हीच चूक वेगळ्या रूपात समोर येते: 3.14 ऐवजी 3,14 बाहेर पडते आणि स्वल्पविरामाने मूल्ये वेगळी करणाऱ्या फाइलीत एका संख्येच्या दोन होतात. म्हणून माणसाने वाचायचा आकडा आणि यंत्राने वाचायचा आकडा यांचे मार्ग कोडमध्ये आरंभापासूनच वेगळे असावे लागतात. ते खरोखर वेगळे आहेत का, हे तपासण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे असलेल्या सगळ्या चाचण्या, एकही ओळ न बदलता, मूळ लोकेल मराठी ठेवून पुन्हा चालवणे.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे टाइप केलेला आकडा वाचणे, अधिक धोक्याचा असतो, कारण तिथली चूक आरडाओरडा करत नाही. जावाच्या नेहमीच्या वाचन-पद्धतीला जर्मन लोकेलमध्ये 3.14 हा मजकूर दिला, तर ती बिंदूला गटचिन्ह समजते आणि निमूटपणे 314 हे उत्तर देते. रकमेच्या रकान्यात हे घडले, तर शंभरपट रक्कम नोंदली जाईल आणि प्रणालीच्या लेखी सारे काही सुरळीत असेल.

चाचणीत अपेक्षित मजकूर नेमका किती काटेकोर लिहावा, हा खरा वादाचा मुद्दा आहे. २०१८ च्या सीएलडीआर आवृत्तीत फ्रेंच आकड्यांमधली न तुटणारी मोकळी जागा बदलून तिच्या जागी अधिक अरुंद अशी जागा आली. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात, पण अक्षरशः तुलना करणाऱ्या चाचण्या जावाची आवृत्ती बदलताच कोसळल्या आणि ‘अपेक्षित’ व ‘प्रत्यक्ष’ या ओळींत काय फरक आहे, हेच दिसेना. स्वीडिशमध्ये उणे चिन्हही कीबोर्डवरच्या आडव्या रेघेचे नसून स्वतंत्र गणिती चिन्ह असते. माझ्या मते संग्रहातील प्रत्येक तपशील आपल्या चाचणीत गोठवून ठेवणे व्यर्थ आहे. तो तपशील सांभाळणे हे लायब्ररीचे, म्हणजे आपण वापरत असलेल्या तयार कोडचे, काम आहे. त्याऐवजी आकडा मांडून पुन्हा वाचावा आणि मूळ संख्या परत मिळते का, ते पाहावे. अर्थात जावास्क्रिप्टच्या अंगभूत सुविधेत मांडणी आहे, वाचन नाही, त्यामुळे तिथे मांडलेल्या आकड्याचे अंक, गटचिन्ह, दशांशचिन्ह असे भाग सुटे करून तपासावे लागतात.

तरीही थोडी ठरलेली उदाहरणे हवीतच आणि ती सीमेवरची हवीत: ९९,९९९ आणि १,००,०००, शून्य, ऋण संख्या. स्पॅनिशसाठी 1234 आणि 12.345 ही जोडी ठेवावी, कारण तिथे चार अंकी संख्येत गटचिन्ह देत नाहीत. पूर्णांकनासाठी 0.125 ही संख्या उत्तम, कारण ती द्विमान पद्धतीत तंतोतंत साठवता येते. दोन दशांश स्थळांपर्यंत मांडली, तर जावाची NumberFormat ही सुविधा सम अंकाकडे झुकून 0.12 देते, जावास्क्रिप्ट मात्र 0.13 देते. एकाच बिलाचा आकडा सर्व्हरवर आणि ब्राउझरमध्ये एका पैशाने का वेगळा दिसतो, याचे उत्तर कित्येकदा इथेच सापडते.

या सगळ्याच्या आधी एक साधी खातरजमा करून घ्यावी लागते. २०१९ मध्ये तेरावी आवृत्ती येईपर्यंत नोडसोबत (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीसोबत) केवळ इंग्रजीची लोकेल-माहिती दिली जात असे. मराठी मागितली, तरी कुठलीही त्रुटी न दाखवता ते मूळ लोकेलकडे, म्हणजे सहसा अमेरिकी इंग्रजीकडे वळे. आजही जागा वाचवण्यासाठी काटछाट करून बांधलेल्या आवृत्त्यांत हे घडू शकते. म्हणून चाचण्यांच्या यादीत सर्वांत वर, मराठी लोकेलमध्ये एक लाख मांडून पाहणारी चाचणी असावी; उत्तर 100,000 आले, तर पुढच्या चाचण्या न चालवता तिथेच थांबावे आणि आधी त्या यंत्रावर लोकेलची पूर्ण माहिती बसवावी.