खुलासा : ॲसिड हाऊसचा उगम मुंबईतला नाही

सोलापुरात गणपतीच्या मिरवणुकीसाठी ट्रॅक बनवणाऱ्या पोरांमध्येही हे आता ठामपणे बोललं जातं : चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये ॲसिड हाऊस हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत शोधलं आणि शिकागोने ते उचललं. यातला पहिला भाग अर्धा खरा, दुसरा साफ चूक.

मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या सिंग यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’साठी रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं वापरली : सूर ज्युपिटर-8वर, ठेका टीआर-808वर, बेस टीबी-303वर. ही रेकॉर्ड नंतर केलेली बनवाबनवी असल्याचा संशयही खोटाच. पण ती तेव्हा फारशी खपली नाही. जगभर पोचली 2010च्या पुनर्प्रकाशनानंतर. शिकागोच्या फ्यूचर या गटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ 1987चं. त्यांनी सिंग यांचं काम ऐकल्याचा कुठलाही पुरावा नाही.

मग दोन्हींच्या आवाजात साम्य कशामुळे? दोघांनीही वापरलेल्या टीबी-303 या यंत्रामुळे. 303मध्ये 16 पायऱ्यांचा पॅटर्न भरतात आणि हव्या त्या पायरीला स्लाइड देतात. सूर घसरत पुढच्या सुरावर जातो, म्हणून कानाला मींड भासते. खरी मींड मात्र गायक हवी तेवढी लांबवतो. 303च्या स्लाइडचा वेळ ठरलेला, लय बदलली तरी तेवढाच.

फरक ऐकायचा असेल तर एकच पॅटर्न सतत चालू ठेवा, रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज उठवणारं बटण) बराच वर न्या आणि कटऑफ (कुठल्या उंचीवरचा आवाज कापायचा ते ठरवणारं बटण) सावकाश फिरवा. तो चिरकत उघडणारा आवाज म्हणजे ॲसिड. तिथे बटण फिरवणं हाच गाण्याचा विषय असतो; सिंग यांच्याकडे विषय राग आहे.