काचेत कोंडलेला उजेड

भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून चष्मा आणला आणि "मामा, एआर आहे, लावून बघ ना" म्हणत माझ्या नाकावर चढवला. बघितलं. समोर आमचं कपाट, कपाटावर धूळ खाणारी सुटकेस, भिंतीवरचं कॅलेंडर. सगळं होतं तसंच. दांडीतून फक्त एक बाई इंग्रजीत बॅटरी किती उरली ते सांगत होती. "यात दिसायचं काय?" मी विचारलं. पठ्ठ्याने खोका उलटसुलट केला. दांड्यांत स्पीकर, कोपऱ्यात कॅमेरा, शिवाय माइक. चित्र दाखवणारं काही नव्हतंच. दुकानदाराने गोड बोलून ब्लूटूथ हेडफोनला काचा लावून विकल्या होत्या.

एआर, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणायला एक किमान अट आहे. समोरचं खरं जग दिसत राहिलं पाहिजे आणि त्यावर संगणकाने काढलेलं चित्र जागच्या जागी चिकटलेलं दिसलं पाहिजे. मान वळवली तरी दुकानावरची पाटी दुकानावरच राहायला हवी. ही कल्पना जुनी आहे. आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये असं यंत्र बनवलं तेव्हा ते छताला टांगावं लागलं होतं.

भाच्याची फसगत एकट्याची नाही. जगात हजारो कोटी ओतून झालेत. गुगल ग्लास २०१३ मध्ये दीड हजार डॉलरला आला आणि दोन वर्षांत सामान्य ग्राहकांपुरता गुंडाळला गेला. मॅजिक लीप कंपनीने २०१८ मध्ये पहिला चष्मा विकायला काढण्याआधीच दोन अब्ज डॉलरहून जास्त भांडवल गोळा केलं होतं. चष्म्याची फारशी विक्री झाली नाही. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स या आपल्या एआर हेडसेटचं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं. फेसबुकवाल्या मेटाच्या ज्या विभागात हे चष्मे आणि व्हीआर (खरं जग पूर्ण झाकणारे) हेडसेट बनतात, त्याचा २०२४ चा तोटा १७.७ अब्ज डॉलर होता. रुपयांत दीड लाख कोटींच्या घरात, म्हणजे मुंबई महापालिकेच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकाच्या जवळपास दुप्पट. आणि या सगळ्यात दणकून खपला तो रे-बॅन मेटा. ऑक्टोबर २०२३ पासून सव्वा वर्षात २० लाखांवर नग गेले. त्यातही चित्र दिसत नाही! सगळ्यात अवघड भाग वगळला आणि माल विकला गेला.

तो अवघड भाग म्हणजे काच. प्रोसेसर, ॲप, एआय यांच्यावर रकाने भरतात, काचेबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलणार आहे.

मुंबईच्या मेट्रो तीनने आरेहून निघा. आरे हे या मार्गावरचं जमिनीवरचं एकमेव स्थानक. गाडी सुटते तेव्हा खिडकीतून बाहेरचं लख्ख दिसतं. मग गाडी बोगद्यात शिरते आणि त्याच काचेत तुमचा चेहरा, मागची दांडी, शेजारच्याचा मोबाईल असं सगळं बाहेर, बोगद्याच्या भिंतीत तरंगू लागतं. काच तीच आहे. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग समोरून आलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के परत फेकतो, दोन्ही मिळून ८ टक्के. आरेलाही हे प्रतिबिंब होतंच, पण बाहेरच्या उन्हापुढे त्याचं काही चाललं नाही. हाच एआर चष्मा. खरं जग काचेतून आरपार आणि चित्र काचेवरून परावर्तित.

लंडनच्या रंगभूमीवर १८६२ मध्ये याच युक्तीने भूत नाचवलं गेलं. प्रेक्षकांसमोर तिरकी मोठी काच, खाली लपलेला, प्रखर उजेडातला नट. निवडणुकीच्या सभेत किंवा गणपतीच्या देखाव्यात 'होलोग्राम' म्हणून जे दाखवतात, तेही बहुतेक वेळा हेच असतं; त्याचा होलोग्राफीशी संबंध नाही. उद्या एखाद्या बाबाने अंधाऱ्या खोलीत कुणाचं दर्शन घडवलं, तर आधी काच कुठे लावली आहे ते शोधा. आणि संजयाला दिव्यदृष्टी होती म्हणजे आपल्याकडे एआर होतं, असा संदेश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेलाय. संजय कुरुक्षेत्राच्या जागी कुरुक्षेत्रच बघत होता. त्यावर चित्र कुठे चिकटवलं होतं?

मेट्रोच्या खिडकीतून आणखी एक गोष्ट कळते. प्रतिबिंबातले काळे केस कधीच काळे दिसत नाहीत. केसांच्या जागी मागची भिंत दिसते. परावर्तनाने उजेड मिळवता येतो, वजा करता येत नाही. म्हणून आरपार काचेच्या चष्म्यात काळा रंग दाखवता येत नाही, सावली पाडता येत नाही. जाहिरातीत दिवाणखान्यात उभा राहिलेला भरीव डायनोसॉर नंतर जोडलेला असतो.

आता मेट्रोएवढी काच नाकावर कशी बसवायची? तिरकी काच लावली तर हेल्मेट होतं. इथे दहावीच्या पुस्तकातलं पूर्ण आंतरिक परावर्तन कामाला येतं. काचेच्या आत धावणारा किरण पृष्ठभागावर क्रांतिक कोनापेक्षा जास्त तिरका आदळला की बाहेर न पडता पुन्हा आत वळतो. साध्या काचेसाठी हा कोन सुमारे ४२ अंश. कानशिलाजवळ वाटाण्याएवढा प्रोजेक्टर ठेवायचा, त्याचा उजेड काचेत सोडायचा, तो आतल्या आत उड्या मारत डोळ्यासमोर येईल.

पण सोडायचा कसा? समांतर पृष्ठभागांच्या काचेत हवेतून शिरलेला किरण दुसऱ्या बाजूला पोचतो तेव्हा त्याचा कोन क्रांतिक कोनापेक्षा नेहमी कमीच भरतो. जसा आला तसा निघून जातो. खिडकीच्या काचेत उजेड कोंडता येत नाही तो यामुळेच. म्हणून काचेवर एका ठिकाणी अतिसूक्ष्म रेघा कोरतात, एकमेकींपासून ३०० ते ४०० नॅनोमीटरवर. जुन्या सीडीवर इंद्रधनुष्य दिसतं ते अशाच रेघांमुळे, फक्त तिच्यातलं अंतर १६०० नॅनोमीटर असतं. या रेघा विवर्तनाने किरणाला एकदम आडवा वळवतात आणि तो कोंडला जातो. डोळ्यासमोर रेघांचा दुसरा पट्टा असतो. तिथे प्रत्येक उडीला थोडा उजेड बाहेर सांडतो, उरलेला पुढच्या उडीला.

थोडा थोडाच का? कारण डोळ्याची बाहुली तीन-चार मिलिमीटरची, आणि चष्मा नाकावरून घसरतो. मुंबईच्या ऑक्टोबरात तर पाच मिनिटांत घसरतो. एकाच जागी सगळा उजेड बाहेर काढला तर चष्मा जरा हलला की चित्र गायब. म्हणून काचेवर एकाच चित्राच्या अनेक प्रती पसरतात. मग दहा चित्रं का दिसत नाहीत? मला या प्रकरणातलं सगळ्यात आवडतं उत्तर आहे ते हे. मरीन ड्राइव्हवर चालताना चंद्र आपल्याबरोबर चालतो, कारण इतक्या लांबून येणारे किरण समांतर असतात. कुठेही उभे राहा, दिशा तीच. चष्म्यातल्या प्रत्येक प्रतीतले किरणही असेच समांतर असतात, त्यामुळे बाहुली कुठल्या प्रतीसमोर आहे याने फरक पडत नाही. काचेच्या दोन बाजू किंचित जरी तिरक्या झाल्या तर प्रत्येक उडीला दिशा बदलते आणि चित्र विस्कटतं. म्हणून ही काच बनवणं महाग.

आता थोडं गणित, नको असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. क्रांतिक कोनाहून कमी तिरका किरण निसटतो. ७५ अंशांपलीकडचा इतका आडवा धावतो की दोन उड्यांमध्ये मोकळी जागा राहून चित्रात पट्टे पडतात. या दोन मर्यादांमध्ये मावेल तेवढंच चित्र. अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ उजेडाला किती वळवतो त्याचा आकडा, १.५ असेल तर एका रंगासाठी हे चित्र सुमारे २६ अंश रुंद भरतं. अपवर्तनांक २ असेल तर सुमारे ५५ अंश. तीन रंग एकाच काचेतून न्यायचे तर आणखी कमी, कारण रेघा लाल किरणाला निळ्यापेक्षा जास्त वळवतात.

हात लांब करून वीत धरा. ती साधारण २० अंशांची. मेटाने सप्टेंबर २०२५ मध्ये ७९९ डॉलरला काढलेल्या रे-बॅन डिस्प्लेचं चित्र तेवढंच, ६०० बाय ६०० पिक्सेलचं आणि एकाच डोळ्यापुढे. त्यात रेघांऐवजी तिरके अर्धपारदर्शक आरसे आहेत. आपल्या दोन डोळ्यांना मिळून मात्र २०० अंशांच्या आसपासचं जग दिसतं.

वीत वाढवायची तर अपवर्तनांक वाढवा. हिऱ्याचा २.४२, हिरा लखलखतो त्याचं एक मोठं कारण हेच, की उजेड आत शिरला की सहज सुटत नाही. त्याहून जास्त, सुमारे २.६५, सिलिकॉन कार्बाइडचा. धार लावायचा कार्बोरंडमचा दगड म्हणजे हेच. याचे पारदर्शक स्फटिक मॉइसनाइट नावाने हिऱ्याला स्वस्त पर्याय म्हणून दागिन्यांत विकले जातात. मेटाने २०२४ मध्ये दाखवलेल्या ओरायन या नमुन्यात याच पदार्थाच्या काचा होत्या आणि चित्र ७० अंशांचं होतं. एका नगाचा खर्च सुमारे दहा हजार डॉलर असल्याचं तेव्हा छापून आलं. तो विक्रीला आला नाही.

रेघांच्या काचेत उजेडाचा हिशेबही वाईट आहे. प्रोजेक्टरने सोडलेल्या उजेडातला शंभरातला एखादा हिस्सा डोळ्यात पोचतो. भर दुपारच्या उन्हातला पांढरा कागद साधारण २५ हजार निट्सने (निट हे चमक मोजायचं एकक) चमकतो. चांगल्या मोबाईलचा पडदा हजार-दोन हजारांचा. मेटाचा तो रे-बॅन डिस्प्ले ५ हजारांपर्यंत जातो आणि उन्हात त्याच्या काचा आपोआप काळ्या होतात. आरेचा उजेड जिंकू नये म्हणून बोगदा बरोबर घेऊन फिरायचं, असा तो तोडगा. मायक्रोएलईडी हे दिवे पुरेसे प्रखर आहेत, पण काही मायक्रॉनचा लाल दिवा अजून फार उजेड वाया घालवतो. शिवाय उष्णता जाणार कुठे? दांडी कानशिलाला टेकलेली असते.

उशिराबद्दल एवढंच: चित्र काढायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागला आणि मान सेकंदाला शंभर अंशांनी वळत असेल, तर चित्र दोन अंशांनी मागे पडतं. तीस मीटरवरची पाटी मीटरभर सरकून शेजारच्या दुकानावर जाते.

दादरला आमचे चष्मेवाले काका आहेत. मी हे सगळं त्यांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी विचारलं, "नंबर?" मी म्हटलं, उणे चार ते अधिक चार एवढाच चालतो मेटाच्या त्या डिस्प्लेला. मला उणे साडेपाच आणि वर चाळिशी, म्हणजे मी बादच. "मग तीच काच घासून द्यायची," काका म्हणाले. म्हटलं, ती घासता येत नाही, दोन्ही बाजू समांतरच राहायला हव्यात. नंबराची काच वेगळी चिकटवावी लागते. आणि ओरायनमधली ती नवी काच तर कार्बोरंडमची आहे.

काकांनी हातातली फ्रेम खाली ठेवली. "कार्बोरंडमने आम्ही इतकी वर्षं काचा घासल्या," ते म्हणाले. "त्यालाच घासायचं तर कशाने?"

"हिऱ्याने."

"मग किंमत मला सांगूच नका."