हान्झी योखमान

हान्झी योखमान (जन्म : १९५३, बर्लिन) या जर्मन रंगभूमीवरील व दूरचित्रवाणीवरील अभिनेत्री आणि डबिंग कलाकार. जोडी फॉस्टर या अमेरिकन अभिनेत्रीचा जर्मन आवाज ही त्यांची सर्वांत मोठी ओळख.

जर्मनीत परदेशी चित्रपट बहुधा जर्मन संवादांसह दाखवले जातात, आणि एका नटीला शक्यतो एकच आवाज वर्षानुवर्षे दिला जातो. प्रेक्षकाच्या कानात चेहरा आणि आवाज यांची जोडी एकदा बसली की ती मोडलेली त्याला खपत नाही. ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये (१९७६) आयरिस रंगवताना फॉस्टर जेमतेम बारा वर्षांची होती, तिला आवाज देणाऱ्या योखमान विशी ओलांडलेल्या. पोरवयातली ती बेफिकिरी मोठ्या बाईच्या गळ्यातून यायला हवी होती. पुढे फॉस्टर मोठी होत गेली, तसा हा आवाजही तिच्याबरोबर वाढला.

हे काम नुसत्या वाचनाचे नव्हे. चित्रपटाचे ‘टेक’ म्हणून काही सेकंदांचे तुकडे पाडतात. कलाकार तुकडा पाहतो, मूळ संवाद ऐकतो आणि लगेच माइकसमोर आपला संवाद म्हणतो. पडद्यावर ओठ मिटले की जर्मन वाक्यातही तिथे प, ब, म यांसारखा ओष्ठ्य वर्ण यावा, अशी संवादलेखकाची धडपड असते. नाटकात पहिल्या अंकापासून चढवत नेलेला भाव इथे एका तुकड्यापुरता एकदम उभा करावा लागतो. रंगभूमीवर तयार झालेला श्वास इथे उपयोगी पडतो.

‘द सायलेन्स ऑफ द लँब्स’मध्ये (१९९१) या कामाचा कस लागतो. फॉस्टरने रंगवलेली एफबीआयची प्रशिक्षणार्थी क्लॅरिस स्टार्लिंग आपली वेस्ट व्हर्जिनियाची बोली लपवू पाहते आणि कैदेतला खुनी मनोविकारतज्ज्ञ लेक्टर ती नेमकी पकडतो. त्या बोलीला जर्मनमध्ये तंतोतंत जोड नाही. त्यामुळे क्लॅरिसचा अवघडलेपणा आवाजाच्या पोतातून, थांबण्यातून आणि आवंढा गिळण्यातून पोहोचवावा लागतो. फॉस्टरला फ्रेंच उत्तम येते, त्यामुळे फ्रेंच आवृत्त्यांत ती अनेकदा स्वतःच बोलते. जर्मन प्रेक्षकाला मात्र तिचे बोलणे योखमान यांच्याच तोंडून ऐकू येते.

हा आवाज ज्यांच्या ओळखीचा होता, त्यांना २००३ पासून ‘प्फारर ब्राउन’ या मालिकेत योखमान यांचा चेहराही भेटला. ओटफ्रीड फिशर यांनी साकारलेल्या पाद्र्याची घरकाम सांभाळणारी मार्गोट रोसहाउप्टनर ही भूमिका त्यांनी केली.