एफपीजीएला कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं?

एफपीजीए म्हणजे जिच्या आतलं सर्किट आपल्याला हवं तसं ठरवता येतं अशी चिप. ‘एफपीजीए चिप वापरायची तर ती बनवणाऱ्या कंपनीचंच सॉफ्टवेअर हवं,’ असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो उगाच पसरला नाही. चिपमध्ये भरायच्या बिटस्ट्रीमची, म्हणजे सर्किट ठरवणाऱ्या शून्य-एकच्या फाइलची, रचना कंपन्या सहसा उघड करत नाहीत. पण २०१५ मध्ये आइसस्टॉर्म या मुक्त प्रकल्पाने लॅटिस कंपनीच्या आइस४० या एफपीजीए चिपची ही रचना उलगडून सर्वांसमोर मांडली. आता मुक्त साधनांनीच काम होतं: व्हेरिलॉग या सर्किटचं वर्णन लिहायच्या भाषेतल्या कोडचं सर्किट योसिस बनवतं, चिपवरच्या जागा आणि जोडण्या नेक्स्टपीएनआर ठरवतं, आइसपॅक बिटस्ट्रीम बांधतं.

पडताळायचंय? एलईडी लुकलुकवणारा छोटा कोड घ्या. आइसपॅकला देण्याआधीची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, शून्य-एकच्या ओळी डोळ्यांनी दिसतात. शिकणाऱ्यासाठी मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. बऱ्याच मोठ्या चिप्सना मात्र अजूनही कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं.